मशीनपेक्षा पॅडवर खर्च करा
जुन्या गाडीचा रंग पॉलिश करून चमकवण्यावरच्या या लेखात सगळा भर महागड्या पॉलिशरवर, म्हणजे पॉलिशच्या मशीनवर आहे, पण पैसे घालायचे तर त्याला लावायच्या पॅडवर घाला. वडिलांची 1998 ची लाल मारुती 800 पाच वर्षं उघड्यावर पडून होती, बोनेट पार पांढुरकं. ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं पॉलिशर) शेजाऱ्याकडून मागून आणलं, फोमची चार पॅडं विकत घेतली. आधी शाम्पू, मग क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी), मग कंपाउंड (खराब झालेला वरचा थर घासून काढणारी पेस्ट), तेही वाटाण्याएवढे चारच ठिपके. दोन मिनिटांत पॅड लालभडक! म्हणजे वर क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) नव्हताच, थेट रंगच निघत होता. अशा गाडीला एका पॅडवर भागत नाही, लगेच भरतं. आणि ग्राइंडरला पॅड लावायची काटकसर नको, कडेचा रंग जळतो. आमच्या डाव्या दारावर पुरावा आहे.