शीशमहालाचं छत कापू नका

पुण्यात जुन्या भव्य चित्रपटांचा विषय निघाला की वाद दोन ठरलेल्या वाटांनी जातो. एक बाजू म्हणते, हा इतिहास नव्हे. दुसरी म्हणते, हा सिनेमाच नव्हे, नुसता भपका आणि रडारड. २०१५ च्या डिसेंबरात ‘बाजीराव मस्तानी’ आला तेव्हा पहिली बाजू रस्त्यावर उतरली. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात यावरून निदर्शनं झाली, काही खेळ रद्द झाले. दुसरी बाजू निदर्शनं करत नाही. ती नाक मुरडते, आणि त्याचा परिणाम जास्त टिकतो. या दोन्हींच्या मधल्या प्रेक्षकानं आपली वाट काढली आहे: ‘मुघल-ए-आझम’ बघायचा, पण रात्री, एकट्यानं, फोनवर, आणि कुणाला सांगायचं नाही.

या चोरटेपणाचं निम्मं कारण चित्रपटात नाहीच, तो बघण्याच्या पद्धतीत आहे. दीड इंच उंचीची मधुबाला आणि इअरफोनमधले पृथ्वीराज कपूर कुणालाही अतिरेकी वाटतील.

आधी इतिहासाचं बोलून घेऊ, कारण ते पाच मिनिटांचं काम आहे. चित्रपटाची नायिका, दासी अनारकली, ‘अकबरनाम्या’त नाही, जहांगीरच्या (म्हणजे चित्रपटातल्या सलीमच्या) आत्मचरित्रातही नाही. जहांगीरच्या आईचा उल्लेख साधनांमध्ये मरियम-उझ-झमानी असा येतो. अकबराची राणी म्हणून ‘जोधाबाई’ हे नाव समकालीन कागदांत सापडत नाही. कथेचं मूळ दंतकथेत आहे, आणि चित्रपटापर्यंत ती आली इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ च्या ‘अनारकली’ नाटकामार्गे. म्हणजे हे घराणंच नाटकाचं आहे. एवढं पडदा उघडण्याआधी सांगितलं की प्रेक्षकाची फसवणूक होत नाही आणि चित्रपटालाही हात लागत नाही. अमेरिकेत जून २०२० मध्ये ‘गॉन विथ द विंड’बाबत शेवटी हेच झालं. गुलामगिरीचं गोड चित्र रंगवल्याबद्दल एका स्ट्रीमिंग सेवेनं तो काढून घेतला, आणि दोन-तीन आठवड्यांत जॅकलीन स्ट्युअर्ट या अभ्यासक बाईंचं प्रास्ताविक जोडून परत आणला. चित्रपट न कापता, आक्षेप न लपवता. पुण्यातल्या वादांना हा मार्ग सुचत नाही याचं नवल वाटतं, कारण आपल्याकडे दाखवायला कागद आहेत, वस्तू आहेत. पेशवे दफ्तर आहे, केळकर संग्रहालयात उभा केलेला मस्तानी महाल आहे. तो महाल पाहून मग ‘बाजीराव मस्तानी’तला आईना महाल पाहिला तर कुणाचा काय तोटा होणार आहे?

आता बघण्याकडे वळू. पहिली गोष्ट प्रतीची. ५ ऑगस्ट १९६० ला मुंबईच्या मराठा मंदिरात लागलेला चित्रपट बहुतांश कृष्णधवल होता. ‘प्यार किया तो डरना क्या’ हे गाणं आणि आणखी थोडा भाग टेक्निकलरमध्ये, म्हणजे रंगीत होता. २००४ च्या नोव्हेंबरात आलेली आवृत्ती पूर्ण रंगवलेली आहे. ओळखायला सोपं आहे: सुरुवातीला हिंदुस्तानचा नकाशा बोलू लागतो, तो रंगीत दिसला की ही रंगवलेली प्रत समजावी. रंगवण्याच्या कष्टांबद्दल आदर ठेवूनही ती टाळावी असंच मला वाटतं. चेहऱ्यांवर पावडर बसल्यासारखी दिसते हे त्याचं छोटं कारण. मोठं कारण असं की दिग्दर्शक के. आसिफ यांनी बराच वेळ प्रेक्षकाला काळ्या-पांढऱ्यात बसवून ठेवलं आणि दासीनं बादशहासमोर तोंड उघडलं त्या क्षणी रंग सोडला. सगळंच रंगीत केल्यावर तो क्षण उरत नाही.

दुसरी गोष्ट चौकटीची. सगळ्यात जास्त नासधूस इथेच होते. मूळ चित्राची रुंदी-उंची १.३७ : १ आहे, जवळजवळ चौकोनी. आजचा टीव्ही १.७८ : १. पडदा भरायला चित्र ताणलं तर सगळे तीस टक्के रुंद होतात, आणि दुर्गाबाई खोट्यांचा रेखीव चेहरा ओळखू येत नाही. न ताणता भरायचं ठरवलं तर वर-खाली मिळून सुमारे तेवीस टक्के चित्र कापलं जातं. गाण्यात जे दाखवायचं आहे ते नेमकं वरच आहे: शीशमहालाच्या छतावरच्या आरशांमध्ये एका अनारकलीच्या अनेक अनारकली होतात आणि अकबराला नजर फिरवायला जागा उरत नाही. छायाचित्रकार आर. डी. माथुर यांच्यासमोरचा पेच हाच होता, की इतक्या आरशांमध्ये दिवेही दिसणार. म्हणून थेट झोत न टाकता परावर्तित उजेडावर काम करावं लागलं. ते छत घरच्या रिमोटनं कापून टाकायचं आणि मग ‘काय विशेष आहे यात?’ विचारायचं, हे बरोबर नाही. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यावेत.

टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावला की बरीच कामं एकदम होतात. नसेल तर ट्रूमोशन, मोशनफ्लो वगैरे नावांखाली असलेलं स्मूदिंग बंद करावं. सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) मध्ये टीव्ही स्वतःच्या चौकटी घालतो आणि दरबार मालिकेच्या सेटसारखा दिसू लागतो. ‘व्हिव्हिड’ नको, चिलखतांवरची चकाकी पांढरी फटक होते. रंगछटा ‘वॉर्म’ ठेवावी, नाहीतर कृष्णधवल चित्र निळसर पडतं. युरोपातल्या जुन्या डीव्हीडींचा एक वेगळा घोटाळा असतो: २४ ऐवजी २५ चौकटींच्या वेगानं चालल्यानं १९७ मिनिटांचा चित्रपट १८९ मिनिटांत संपतो, आणि नौशाद यांची पांढरी एकमधली चाल काळी एककडे सरकते. कान तयार असलेल्याला बडे गुलाम अली खाँसाहेबांच्या आवाजात हे लगेच टोचतं.

आवाज मुळात मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे. तो समोरूनच यावा, सराउंडचा कृत्रिम पसारा बंद करावा. मागच्या स्पीकरमधून संवादांचे प्रतिध्वनी आले की शब्द फुटतात. ‘नाइट मोड’ तर कटाक्षानं बंद. तो कुजबुज वर आणतो आणि नगारे खाली, आणि मेलोड्रामा उभा असतो तो या दोघांमधल्या अंतरावर. प्रोजेक्टर असेल तर चित्राची उंची चार फूट धरून आठ-दहा फुटांवर बसावं.

या बाबतीत परदेशातल्या लोकांकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे. ब्रॅडफर्डचं पिक्चरव्हिल थिएटर आजही सिनेरामा, म्हणजे तीन प्रोजेक्टरांनी मिळून दाखवायचं एकच रुंद चित्र, चालवतं. लंडनच्या प्रिन्स चार्ल्स सिनेमात ३५ आणि ७० मिलिमीटरच्या प्रती लागतात. जुन्या हॉलिवूड महापटांना सुरुवातीला पडदा बंद ठेवून वाजवायचं संगीत असतं, मध्यंतर असतं, मध्यंतरानंतरचंही संगीत असतं; चांगली थिएटरं ते कापत नाहीत. भव्यपणाला वेळ आणि शिस्त लागते हे तिथे गृहीत आहे. पण तिथल्या प्रेक्षागृहात एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे दाद. सबटायटल वाचणारा माणूस ‘वाहवा’ म्हणेपर्यंत पुढचं वाक्य आलेलं असतं. या चित्रपटातले संवाद दादेसाठी जागा सोडून लिहिले आहेत, नट थांबतात ते त्यासाठीच. ज्या गावानं संगीत नाटकातल्या पदांना वन्स मोअर घेत रात्री जागवल्या, त्या गावाला हा थांबा समजावून सांगावा लागू नये. उर्दूचं भयही फार नको. फर्मान, तख्त, गुन्हा, दरबार, हुकूम हे सगळं आपल्याकडे रोजचं आहे. उरलेले शब्द अर्ध्या कागदावर मावतात: कनीज म्हणजे दासी, तखलिया म्हणजे एकांत, जिल्ल-ए-इलाही म्हणजे ईश्वराची सावली.

चित्रपटात दोष आहेत. लढाई लांबते. सलीम पुष्कळदा आपल्या दुःखाच्या इतका प्रेमात असतो की अनारकलीची शिक्षा त्याच्या लक्षात राहत नाही. हे मोठ्या पडद्यावर उलट जास्त दिसतं, आणि दिसावं. लाज वाटून लपवलेल्या चित्रपटावर नीट टीकाही होत नाही.

म्हणून पुण्याकडून एक अपेक्षा आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म संग्रहालयाचं थिएटर आहे, आणि जवळच प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट, तीही १९६० चीच. याच प्रभातनगरात १९३६ साली ‘अमरज्योती’ झाला, त्यात दुर्गाबाई समुद्री चाच्यांची राणी सौदामिनी होत्या. चोवीस वर्षांनी त्याच बाई नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये उभी असलेली जोधा झाल्या. शनिवारी ‘अमरज्योती’ लावावा. रविवारी सव्वासहाला इतिहासाच्या जाणकारानं पाच मिनिटं बोलावं, साडेसहाला ‘मुघल-ए-आझम’ कृष्णधवल प्रतीतून, पूर्ण चौकटीत, पंधरा मिनिटांच्या मध्यंतरासह सुरू करावा. दहाच्या सुमाराला सुटतो. बस मिळते.