कराची बंदराचे पेढे

२०२५च्या आशिया कपची फायनल आपण पाकिस्तानविरुद्ध जिंकलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, पश्या डोंबिवलीच्या फडके रोडवर आला तोच पेढ्यांचा डबा घेऊन. पश्याच्या हातात पेढे दिसले की आमचा कट्टा सावध होतो. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, ८ मेच्या रात्री, टीव्हीवर कराची बंदर उडवल्याची बातमी बघून हा इसम साडेअकरा वाजता सोसायटीत पेढे वाटत फिरला होता. सकाळपर्यंत बंदर परत जागेवर आलं, पेढे तेवढे गेले. त्या वेळी त्याला पेढे मिळाले कुठून, हे कोडं अजून सुटलेलं नाही. मिलिंदचं म्हणणं, डबा याने आधीच आणून ठेवला होता, बंदर नंतर सापडलं.

"घ्या, तोंड गोड करा! तीन रविवार, तिन्ही वेळा लोळवलं," पश्या म्हणाला. "आणि त्यांच्या त्या मंत्र्याच्या, नक्वीच्या हातून ट्रॉफी घेतली नाही, बसला घेऊन आणि गेला तशीच घेऊन, तो खरा दणका. मोदीजींचं ट्वीट वाचलं ना? मैदानावरचं ऑपरेशन सिंदूर! निकाल तोच!"

नाना पेपरची घडी घालत होते. आधी उभी, मग आडवी, मग काखेत. पेपर काखेत गेला की समजायचं, आता बोलणार.

"पश्या, सिंदूर कोणाचं पुसलं होतं रे?"

"नाना, तसं नव्हे..."

"भागशाळा मैदानात त्या दिवशी तू होतास, मीही होतो. पहलगामच्या हल्ल्यात गेलेली आपल्या डोंबिवलीची तीन माणसं होती. त्यांच्या बायकांकडे बघून त्या कारवाईला नाव दिलं. चांगलं दिलं. आता तेच नाव तिलक वर्माच्या ६९ धावांना? मग पुढच्या कारवाईचं नाव 'पाच गडी राखून' ठेवा."

नानांविषयी एक सांगून ठेवतो, नाहीतर नवीन माणसाचा गैरसमज होतो. नाना म्हणजे काही पुरोगामी वगैरे नाहीत. पहिलं मत १९७१ साली जनसंघाच्या पणतीला. आणीबाणीत सत्याग्रह करून तुरुंगात गेले (कॉम्रेडच्या मते वजन वाढवून बाहेर आले). १९९६ला ठाण्याची लोकसभेची जागा शिवसेनेला सोडली आणि भाजपचे खासदार कापसेसर घरी बसले, याचा राग अजून धगधगतोय. कुठलाही विषय काढा, दहा मिनिटांत तिथे येतात. पोटा हा दहशतवादविरोधी कायदा रद्द केला याबद्दल त्यांनी काँग्रेसला आजतागायत माफ केलेलं नाही. असा माणूस.

मिलिंदला चेव आला. तो ठाकऱ्यांच्या सेनेतला. "म्हणून तर आमच्या साहेबांनी सांगितलं होतं, मॅचवर बहिष्कार टाका. आम्ही दिल्लीला सिंदूर पाठवलं, सिंदूर!"

"तुम्ही बोलूच नका. १९९१ला वानखेडेची खेळपट्टी खणलीत. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या, खोटं कशाला बोलू? आणि २००४ला मियाँदाद मातोश्रीवर पाहुणा. शारजाचा षटकार माफ?"

"बाळासाहेबांचं मन मोठं होतं, नाना."

"मन मोठं, कुदळही मोठी. कधी काय बाहेर निघेल नेम नाही. आमच्या कापसेसरांच्या वेळी..."

"नाना, चहा," मी मध्येच ग्लास पुढे केला. वेळेवर केला.

पश्या डबा तसाच उघडा धरून उभा होता. "पण नाना, सरकारचं धोरण क्लिअर आहे. द्विपक्षीय क्रिकेट नाही, बहुपक्षीय चालेल. आशिया कप बहुपक्षीय आहे."

"म्हणजे त्याच्या घरी जेवायचं नाही, पण लग्नाच्या पंगतीत मांडीला मांडी लावून बसलं तर चालतं. आणि वाढप्याच्या हातचा लाडू नाकारला की शौर्य! अरे, पंगतीला गेलातच कशाला? पहलगामच्या दुसऱ्या दिवशी सिंधूचा करार स्थगित केला, रक्त आणि पाणी एकत्र वाहणार नाही म्हणालात. मग रक्त आणि जाहिरातींचा पैसा कसा वाहतो?"

एवढा वेळ कॉम्रेड गप्प होता, कारण तोंडात साबुदाण्याची खिचडी होती. तीस वर्षं युनियनमध्ये धर्म म्हणजे अफू असं सांगत आलेला हा गृहस्थ नवरात्रात नऊ दिवस उपवास करतो. बायकोसाठी, असं तो सांगतो. वहिनी सांगतात, मी कधीच सोडला, हेच धरतात.

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय," कॉम्रेड चमचा उगारून म्हणाला, "युद्ध हा उपाय नाही. दोन्हीकडच्या गरीब शेतकऱ्याची पोरं मरतात आणि शस्त्रांचे कारखाने..."

"उपाय आहे," नाना म्हणाले. "७ मेला नऊ ठिकाणी मारलं ते योग्य मारलं. मला तर चौथ्या दिवशी थांबले त्याचंच वाईट वाटलं, आणि थांबलो हे आपल्याला ट्रम्पकडून कळलं त्याचं जास्त. तुझी शांतता तुझ्यापाशी ठेव. माझं भांडण मारण्याशी नाही. मारून झाल्यावर जो ढोल बडवतात ना, त्याच्याशी आहे."

"ढोल नको तर काय हवं?"

"संसद. १९६२ला चिनी आत घुसलेले, लढाई चालू. छत्तिशीच्या आगेमागेचे वाजपेयी नेहरूंकडे गेले, म्हणाले अधिवेशन बोलवा. नेहरूंनी बोलावलं. मला नेहरू काडीचे आवडत नाहीत. पण युद्ध चालू असताना बोलावलं, आणि त्यांच्या तोंडावर टीका झाली ती बसून ऐकली. आता मे महिन्यात विरोधक अधिवेशन मागत होते, आम्ही जुलैअखेर चर्चा केली."

"सात शिष्टमंडळं पाठवली की! सगळ्या पक्षांची," पश्या म्हणाला. "सुप्रियाताई गेल्या, थरूर गेले. आपले खासदार तर एकाचे प्रमुख होते."

"ते उत्तम केलं. नरसिंह रावांनी १९९४ला वाजपेयींना जिनिव्हाला धाडलं होतं, ती चांगली चाल. थरूर तिकडे देशाची बाजू मांडत होते आणि इकडे त्यांचाच पक्ष त्यांचे कान उपटत होता, तेही बघितलं. पण आपले खासदार लायबेरियाला जाऊन सांगून आले. लायबेरियाला आधी कळलं, लोकसभेला नंतर."

यावर पश्यासुद्धा हसला. मग एकदम आठवून गंभीर झाला.

"बघा, नाना आता आमच्याकडे सरकतायत," कॉम्रेड खुशीत आला. "तुमच्याच वाजपेयींनी एकाहत्तर साली इंदिराजींना दुर्गा म्हटलं होतं..."

"नव्हतं म्हटलं. त्यांनी स्वतः सांगितलं की मी म्हटलं नाही. तू चाळीस वर्षं हीच दुर्गा बसवतोयस. आता नवरात्र आहे, निदान नवीन तरी आण."

"बरं, मग कंदाहार?"

कॉम्रेडचा हा हुकमाचा एक्का. दरवेळी काढतो. नाना दरवेळी चिडतात. या वेळी चिडले नाहीत.

"कंदाहार आमच्या कपाळावर आहे. मसूद अझरला विमानात बसवून पोचवला, आमच्या परराष्ट्रमंत्र्याने. पुढचं सगळं त्याचंच पीक, संसद घे नाहीतर पुलवामा घे. मी कधी पांघरूण घातलंय? आणखी एक सांगतो. २००८ला ताज अजून धुमसत होता आणि आमच्या पक्षाने पेपरात जाहिरात दिली, दहशतवादाशी लढायला आम्हाला मत द्या म्हणून. दुसऱ्या दिवशी दिल्लीत मतदान. हरलोच. बरं झालं हरलो. पण कॉम्रेड, तुझे लोक काय करत होते? मालेगाव स्फोटाचा तपास करणारे करकरे गेले आणि महिनाभरात तुमच्या अंतुल्यांनी शंका काढली की मारलं कोणी. लाठी घेऊन कसाबला धरणारे ओंबळे गेले, आणि तू याच कट्ट्यावर 'काहीतरी शिजतंय' म्हणत मान हलवत होतास. मी विसरलो नाही."

"अंतुले आमचे नव्हेत, काँग्रेसचे."

"तुझ्यासाठी काँग्रेस म्हणजे घरोब्यातली. काम असलं की नातं, नसलं की ओळख नाही."

पश्याने टाळीसाठी हात पुढे केला. नानांनी तो तसाच हवेत ठेवला.

"तू थांब. तुझंही आहे. २०१९च्या एप्रिलात भोपाळच्या आमच्या प्रज्ञासिंहबाई, मालेगावातल्या आरोपी, म्हणाल्या, करकरे माझ्या शापाने मेले. तू तो व्हिडिओ मला पाठवलास, खाली हात जोडलेले तीन. आठवतं? इथे मतदानाला दहाएक दिवस होते." नानांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "मी गेलो नाही त्या वर्षी मतदानाला. एकाहत्तरपासून चुकवलेलं ते एकच."

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. नानांनी मतदान चुकवलं म्हणजे काय, हे डोंबिवलीबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. हा माणूस ताप अंगात असताना सकाळी सातला रांगेत पहिला असतो आणि दिवसभर बोट वर करून फिरतो. त्या वर्षी त्यांच्या बोटाला बँडेज होतं. आम्ही विचारलं तेव्हा दारात चेंगरलं म्हणाले होते.

"म्हणजे ते बँडेज..." मिलिंद म्हणाला.

"ते सोड. या जुलैचं बोल. २१ तारखेला लोकल बॉम्बस्फोटाचा निकाल. १८९ माणसं गेली, बाराही आरोपी निर्दोष. कॉम्रेडने ग्रुपवर लिहिलं, न्यायाचा विजय. ३१ तारखेला मालेगावचा निकाल. सहा माणसं गेली, सातही आरोपी निर्दोष. पश्याने पेढे वाटले. पुरावा नसेल तर सोडलंच पाहिजे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण दहा दिवसांत दोन निकाल लागले, आणि दोन्हीकडे बॉम्ब कोणी ठेवले ते कोणालाच ठाऊक नाही! तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं, मग ठेवले कोणी? एका निकालावर सरकार लगोलग सुप्रीम कोर्टात. दुसऱ्यावर अपील कोणी केलं? गेलेल्यांच्या घरच्यांनी. मी सरकारला मत देतो ते बॉम्ब ठेवणाऱ्याला पकडण्यासाठी. तो आपल्यातला निघतो की त्यांच्यातला, हे बघून आनंद करायला नाही."

कॉम्रेडने खिचडीची वाटी खाली ठेवली. त्याच्या ऑफिसातला एकजण त्या संध्याकाळी मीरा रोडच्या गाडीत होता. त्याबद्दल तो बोलत नाही, त्या दिवशीही बोलला नाही. फक्त चमचा रुमालाला पुसत बसला.

समोरच्या मैदानात दांडियाची साउंड टेस्टिंग सुरू झाली. हॅलो, हॅलो, माइक चेक. वातावरण पार बिघडलं होतं. ते सावरायची जबाबदारी, नेहमीप्रमाणे, पश्याने घेतली, म्हणजे आणखी बिघडवलं.

"नाना, तुमचं सगळं बरोबर, पण काल जिंकलो की नाही? मग त्याचा एक पेढा घ्या. माझ्या हातून."

नानांनी दोन्ही हात मागे बांधले आणि नजर वळवली, सरळ गणपती मंदिराच्या कळसाकडे. पश्या डबा पुढे करून उभा. नाना ढिम्म. पाच सेकंद गेले, दहा गेले. पहिला मिलिंद फिसकटला.

"अरे नक्वी झाला याचा! पश्याचा नक्वी झाला!"

मग कोणालाच आवरेना. कॉम्रेडला ठसका लागला. चहावाला भय्या, ज्याला कशाचाच पत्ता नव्हता, तोही हसायला लागला. पश्या लालेलाल. "राहू दे, राहू दे, यापुढे आणायचेच नाहीत," म्हणत त्याने डबा बंद केला, स्कूटरच्या डिकीत टाकला आणि निघाला.

"ट्रॉफी घेऊन गेला रे!" मिलिंद ओरडला.

नाना हात सोडून दोन पावलं पुढे आले. स्कूटर वळणावर पोचली होती.

"अरे, थांबवा त्याला कोणीतरी," ते म्हणाले. "कंदी होते."