खाडीचं पाणी, मूठभर मीठ आणि तो फॉरवर्ड

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, सगळीकडच्या सोसायटी ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. खाडीचं पाणी ग्लासात घ्या, मूठभर मीठ टाका, वर तरंगेल ते सगळं मायक्रोप्लास्टिक (म्हणजे 5 मिलिमीटरहून लहान प्लास्टिकचे कण), टॉर्च मारला की चमकतं, गरम सुईने वितळतं, मोजा आणि लिटरचा हिशोब काढा. आणि शेवटी नेहमीचा तडका, लॅबचे आकडे याहून कितीतरी कमी येतात म्हणजे ते लपवतायत. खाडीत प्लास्टिक आहे यात वादच नाही, ओहोटीला तिवरांच्या मुळांत काय अडकलंय ते पुलावरूनही दिसतं, पण या टेस्टने ते मोजता येत नाही.

आधी मीठ. आयडिया खरी आहे, लॅबमध्येही मिठाचं पाणी वापरतात, पण ते अजून मीठ विरघळणारच नाही इतकं दाट करून, म्हणजे पाव लिटरला 80-90 ग्रॅम. तेव्हा कुठे घनता 1.2 पर्यंत जाते (साध्या पाण्याची 1, द्रावणाहून जड ते बुडतं). पॉलिथिन आणि पॉलीप्रॉपिलीन तर साध्या पाण्यावरही तरंगतात, त्यांना मिठाची गरजच नाही. उलट पीईटीची (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) घनता 1.38 च्या आसपास, पीव्हीसीही तसंच जड, हे दोन्ही त्या मिठातही तळालाच बसणार, आणि आपल्या वॉशिंग मशीनमधून जाणारे पॉलिस्टरचे धागे म्हणजे पीईटीच की! म्हणून जड प्लास्टिकसाठी झिंक क्लोराइडचं द्रावण घेतात, 1.5 च्या वरचं. म्हणजे ग्लासात तळाला गेलेलं प्लास्टिक तुम्ही सोडून दिलंत आणि वर आलेले पानांचे तुकडे, किड्यांचे पंख, बुडबुडा चिकटलेला गाळ हे सगळं मोजलंत. हा जैविक कचरा आधी घालवायला लॅबमध्ये 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहाचं मीठ वापरतात. हे घरी करू नका प्लीज, भांडं तापून फसफसत बाहेर येतं.

टॉर्च तर सोडाच. अभ्रक चमकतं, माशाचं खवलं चमकतं. प्लास्टिक चमकवायला नाइल रेड नावाचा रंग लावून निळ्या उजेडात फिल्टरमधून बघतात, आणि तो रंगसुद्धा चरबीला चिकटतो.

सुईचं मात्र अर्धं बरोबर आहे. गरम सुई ही खरी पद्धत आहे, मायक्रोस्कोपखाली करतात. पण मेणही वितळतं, काही प्लास्टिकं वितळतच नाहीत, आणि वितळलं तरी कुठलं प्लास्टिक ते कळत नाहीच. त्यासाठी एफटीआयआर लागतं, कणावर इन्फ्रारेड टाकून आलेला आलेख ओळखीच्या पॉलिमरच्या आलेखांशी जुळवायचा. साधारण 10-20 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हे चालतं, त्याहून लहान कणांना रामन, म्हणजे लेझर टाकून ओळखायची पद्धत. त्यात बरेच "प्लास्टिकचे" धागे कापूस निघतात.

आता लपवाछपवी. समुद्रात बोटीमागे जी मँटा जाळी ओढतात तिचं भोक साधारण 330 मायक्रॉनचं, तोंडाला फ्लोमीटर, त्यावरून किती घनमीटर पाणी गाळलं ते कळतं. याहून बारीक जाळी आपल्यासारख्या गढूळ खाडीत गाळाने लगेच तुंबेल. पण कपड्याचा धागा 10-20 मायक्रॉन जाडीचा, तो आडवा आला तर अडकतो, उभा आला तर सरळ निघून जातो. बाटलीत भरून आणलेलं खाडीचं पाणी बारीक फिल्टरमधून गाळलं की तेच धागे मोजले जातात, त्यामुळे बाटलीचा आकडा जास्तच येणार. वर जाळीचा आकडा प्रति घनमीटर आणि फॉरवर्डचा प्रति लिटर, एका घनमीटरात 1000 लिटर, आणि ही वडाची साल पिंपळाला लावून लोक म्हणतात घोटाळा झाला.

शिवाय एक ग्लास म्हणजे कुठलं पाणी? भरतीचं की ओहोटीचं, जुलैचं की मे महिन्याचं? आणि मोजताना अंगात कुठला शर्ट होता? लॅबमध्ये सुती कोट घालतात, आणि स्वच्छ गाळलेल्या पाण्यावर सेम सगळे सोपस्कार करून ब्लँक काढतात, कारण हवेतूनच धागे पडत असतात. ब्लँकमध्ये आलेले धागे हिशोबात धरावेच लागतात. ज्या काकांनी पंख्याखाली ग्लास ठेवून फोटो टाकलाय त्यांच्या पाण्यात निम्मं त्यांच्याच हॉलमधलं असेल.

खरंच काही करायचं असेल तर 1 ते 5 मिलिमीटरचे तुकडे धरा, स्टीलच्या चाळणीने गाळून काचेच्या बरणीत ठेवा, डोळ्यांना दिसतात आणि चुकायची शक्यता त्यातल्या त्यात कमी. आणि आकडा ग्रुपवर टाकायचाच तर चाळणीचं माप, किती पाणी गाळलं, भरतीची वेळ आणि ब्लँकमध्ये किती आले हेही सोबत टाका.