'फोटोपुरता' या शब्दाबद्दल

हरिश्चंद्रगडावर जाताना प्लास्टिक कमी कसं न्यावं, या माझ्या लेखावर परवा एक प्रतिक्रिया आली. ती मी काढून टाकलेली नाही. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: "तुम्ही शहरी लोक महागड्या बाटल्या मिरवत गडावर येता, फोटोपुरता कचरा उचलता आणि गावकऱ्यांना अक्कल शिकवता. पाण्याच्या बाटल्या विकून त्यांची चूल पेटते. तुम्ही खाली आणलेला कचरा तरी कुठे जातो? पुण्यात फुरसुंगीच्या डेपोतच ना? आणि तोलार खिंड पाचनईच्या वाटेवर नाही. आधी गड नीट बघा, मग लिहा."

शेवटचं आधी घेतो. पाचनई आणि खिरेश्वर ही गडाच्या पायथ्याची गावं, आणि तोलार खिंड खिरेश्वरच्या वाटेवर लागते. घाईत चुकीचं लिहिलं गेलं, लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल मनापासून आभार.

आता 'फोटोपुरता'. हा एक शब्द चार दिवस डोक्यातून गेलेला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही (तुम्ही नावही लिहिलेलं नाही), आणि तरी माझा हेतू काय होता ते तुम्हाला पक्कं ठाऊक!

मी हा गड पहिल्यांदा चढलो १९९८ साली, दिवाळीच्या सुट्टीत, वडिलांबरोबर. आदल्या रात्री त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बिस्किटांचे पुडे फोडून बिस्किटं ॲल्युमिनियमच्या डब्यात रचली, चहा-साखर एकत्र करून पत्र्याच्या डबीत भरली आणि रिकामी वेष्टनं घरच्याच कचऱ्यात टाकली. मी विचारलं, कशाला एवढा खटाटोप? तर म्हणाले, "वर झाडायला कोण येणार आहे?" तेव्हा आमच्याकडे कॅमेरासुद्धा नव्हता. त्या रात्रीचा एकही फोटो नाही.

त्यानंतर किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही. पण एक वेळ सांगतो. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या पाण्यात पिंडीला प्रदक्षिणा घालत होतो. पाणी इतकं गार की पाय आहेत की नाहीत ते कळेना. चार खांबांपैकी जो एक शाबूत उरलाय त्याच्या बुडाशी काहीतरी चमकलं. मला वाटलं मासोळी. हात घातला तर नूडल्सच्या मसाल्याच्या पुडीचा फाडलेला कोपरा, नखाएवढा. पुडी कुणीतरी इमानदारीने खिशात घातली असणार, कोपरा मात्र बोटांतून सुटला. तो उचलताना माझ्यासोबत गुहेत कुणीच नव्हतं. फोटो कुणी काढला असता, सांगा ना.

तेव्हापासून मी पुडीचा कोपरा पूर्ण फाडत नाही, थोडा चिकटलेला ठेवतो. मसाला तर घरूनच डबीतून नेतो. लेखात मी हेच लिहिलं होतं: उचलण्याआधी न नेण्याचं बघा. अख्ख्या लेखात कचरा उचलण्यावर दोन ओळी आहेत, उरलेलं सगळं आदल्या रात्रीच्या पिशवी भरण्यावर आहे. तुम्ही त्या दोन ओळींपुढे गेला नाहीत असं दिसतं. गडावर जाळूनही ही वेष्टनं संपत नाहीत, हेही लिहिलं होतं. आत ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. मुक्कामाच्या जागी दगडांच्या चुलीतली राख काठीने उकरून बघा, चंदेरी चुरा हाताला लागेल.

गावकऱ्यांना अक्कल शिकवल्याचा आरोप तर मला अजिबात मान्य नाही. लेखात 'गावकरी' हा शब्द दोनदा आलाय, दोन्ही वेळा त्यांच्याकडे जेवा हे सांगताना. पाचनईत ज्या मावशींकडे आम्ही वर्षानुवर्षं पिठलं-भाकरी खातो त्यांच्या पोटावर पाय द्यायला मी लिहीन? पैसे ताकाला द्या, भाकरीला द्या, भरपूर द्या. बाटलीचाच आग्रह कशाला? लेख पुन्हा वाचा.

फुरसुंगीचं म्हणाल तर तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसलंय आणि आंदोलनंही केलीत, हे मला माहीत आहे. पण तो महापालिकेला विचारायचा प्रश्न आहे, माझ्या लेखाचा विषय नाही. गडावर टाकलेलं मंगळगंगा नदीतून पाचनईकडे उतरतं, पुढे मुळा नदीला मिळतं. डेपो वाईट आहे म्हणून ते नदीत सोडायचं का? मला यावर अधिक बोलायचं नाही.

मतभेद जरूर लिहा. पण हेत्वारोप करायचे असतील तर स्वतःचं नाव लिहायचं धैर्य दाखवा. यापुढे निनावी प्रतिक्रिया छापणार नाही. पुढच्या महिन्यात पाचनईतून चढतोय, नाव कळवलंत तर तुम्हीही या. भाकरी मावशींकडेच खाऊ. पाणी मात्र घरून भरून आणा.