सोनसावर मेलेली नसते

काल शेजारच्या काकूंनी मी दिलेलं सोनसावरीचं, म्हणजे पिवळ्या फुलांच्या एका रानझाडाचं, रोप टाकून द्यायला काढलं होतं. "वाळलंय रे, नुसती काडी उरलीय." मी कुंडी परत घरी आणली. मोठं झाड हिवाळ्यात पानं टाकतं, तसं वर्षाचं रोपही टाकतं. मातीखाली मूळ गाजरासारखं जाड झालेलं असतं, जीव तिथे असतो. त्याच काडीला पुन्हा पालवी फुटते.

अशी किती रोपं नाशिकमध्ये 'मेली' म्हणून फेकली जात असतील! सोनसावर, टेटू, मेडशिंगी ही इथल्याच डोंगरउतारांवरची झाडं. शहरात ती दिसत नाहीत, कारण थांबायला कुणी तयार नाही. नर्सरीत दोन हिरवी पानं नसलेली पिशवी कोण विकत घेणार? मग रस्त्याकडेला पुन्हा गुलमोहर. सुंदर झाड आहे, पण ते मादागास्करचं.

पहिल्या वर्षी मी सोनसावरीच्या 20 बिया कापसासकट मातीत टाकल्या. एकच उगवली. बियांचं कवच इतकं कडक, की पाणी आत शिरतच नाही. पुढच्या उन्हाळ्यात कापूस काढला, एकेक बी पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकेच घासली आणि रात्रभर पाण्यात ठेवली. सकाळी ज्या फुगल्या होत्या त्याच पेरल्या. 13 उगवल्या! बहाव्यालाही हेच करा. टेटूला घासणं नको. त्याचं बी कागदी पंखातलं असतं, आडवं ठेवून वर पातळ माती पसरायची. त्याची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं येतात. आपल्या कॉलनीत तसं झाड असावं असं मला फार वाटतं.

सीताअशोकाचं उलटं. ते बी सुकलं की संपलं. शेंग पिकली की लगेच पेरायचं. एका नर्सरीत मी अशोक मागितला तर सरळसोट वाढणारा, कुंपणाला लावतात तो हाती दिला. केशरी फुलांचे घोस खोडावर धरणारा अशोक वेगळा, हे विकणाऱ्यालाही माहीत नसावं याचं वाईट वाटलं.

झाडाखाली पडलेलंच बी उचला, फांद्या ओढू नका. पेरायला दुधाच्या पिशव्या चालतात, फक्त उंच घ्या, मूळ सरळ खाली जातं.

गेल्या उन्हाळ्यातलं सोनसावरीचं बी माझ्याकडे दोन डबे आहे. नाशिककरांनो, मेसेज करा, घरी येऊन मूठभर घेऊन जा. आणि काकूंची ती कुंडी गच्चीत आहे. पालवी फुटली की इथेच फोटो टाकतो.