रद्दीतला मँटल

"रद्दी विकायची असते, विकत आणायची नसते," एवढं बोलून बायकोने फ्रीजचं दार आपटलं.

एडिसनमधल्या एका गराज सेलवरून मी वीस डॉलरला बेसबॉल कार्डांचं, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेल्या पुठ्ठ्यांचं, खोकं उचलून आणलं होतं. न्यू जर्सीत इतकी वर्षं काढूनही बेसबॉलमधलं मला एवढंच कळतं की चेंडू टप्पा न पडता येतो. पण टॉप्स कंपनीचं 1952 सालचं मिकी मँटलचं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं, ही बातमी डोक्यात रुतून बसली होती. पुठ्ठ्याचा तुकडा हो! मी घराचं कर्ज, मुलीचं कॉलेज आणि पुण्यातला फ्लॅट असा हिशोब मांडला. वर बरेच उरत होते.

दोन आठवडे बेसमेंटमध्ये कार्डं लावत बसलो. मागच्या बाजूला बारीक अक्षरात जन्मतारीख, उंची, वजन, वर्षावार कामगिरी. थेट स्थळाची माहितीच. फक्त अपेक्षा तेवढ्या लिहायच्या राहिल्या होत्या. एक पाकीट न फोडलेलं निघालं, आत गुलाबी च्युइंग गमची पट्टी. टॉप्सवाले तेव्हा ती घालायचे. चाखली. आधी काच फुटल्यासारखा आवाज आला, मग पाटीवरच्या पेन्सिलीची चव. फ्लीअर कंपनीचं बिली रिपकनचं 1989 चं कार्डही सापडलं, ज्यात त्याच्या बॅटच्या टोकावर चक्क शिवी लिहिलेली आहे आणि ती तशीच छापून बाजारात गेली होती. मला फार आशा वाटली.

मग कार्ड शो. हॉटेलचा हॉल, टेबलं, भिंगं. एका म्हाताऱ्या विक्रेत्याने तांदूळ निवडावेत तशी माझी कार्डं सरकवली. "1988 ते 91," तो म्हणाला, डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात तसं. त्या काळात कंपन्यांनी कार्डं बेसुमार छापली आणि मँटलच्या कार्डाच्या किमतीकडे डोळे लावून लोकांनी ती जिवापाड जपली. जुनी कार्डं महाग झाली ती आयांनी पोरांची खोकी कचऱ्यात टाकली म्हणून. खुद्द टॉप्सने 1960 मध्ये 1952 चा न खपलेला माल बोटीत भरून अटलांटिकमध्ये बुडवला होता, आणि तोही न्यू जर्सीजवळच. म्हणजे ज्या समुद्रात आम्ही दर उन्हाळ्यात पोरांना घेऊन डुंबतो, तिथेच कुठेतरी माझा पुण्यातला फ्लॅट होता. शिवीवाल्या कार्डाचे तरी? "तेही लोकांनी जपलं," तो म्हणाला.

माझा चेहरा बघून त्याने एक कार्ड पुढे केलं. टॉप्स, 1969, ऑरेलिओ रॉड्रिगेझ, कॅलिफोर्निया एंजल्स. नाव, आकडे रॉड्रिगेझचे. फोटो मात्र संघाच्या बॅटी उचलणाऱ्या पोराचा! फोटोग्राफरने भलत्यालाच उभं केलेलं. पोरगा खांद्यावर बॅट घेऊन असा ऐटीत उभा, की खरा रॉड्रिगेझही दबकला असता. खऱ्याने पुढे 1976 मध्ये क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह मिळवला, तो भाग वेगळा. तीन डॉलरला घेतलं.

घरी बायकोने ते उलटसुलट करून बघितलं. "हा चांगला खेळायचा का?"

"हा खेळायचाच नाही. बॅटी आणून द्यायचा."

"तरी फोटो काढून घेतला?" ती पहिल्यांदा हसली आणि फ्रीजवरचं गणपतीचं मॅग्नेट काढून त्याखाली तिने त्याला डकवला. खोकं आता बेसमेंटमध्ये डुगडुगत्या वॉशिंग मशीनखाली आहे.