बाटली काळी होईपर्यंत गाव ते पाणी पिऊन मोकळं झालेलं असतं

पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावात गॅस्ट्रोची साथ येते, मग धावपळ करून पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. 'पिण्यास अयोग्य' असा अहवाल हातात पडतो तेव्हा आरोग्य केंद्रातल्या खाटा भरलेल्या असतात. मला याचा मनापासून राग येतो.

गावात तपासणी होतच नाही असं नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी, करतो. नळाच्या पाण्यात थेंब टाकले आणि पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. पण त्यावरून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पोचलं एवढंच कळतं, जंतूंचा पत्ता लागत नाही. त्यासाठी एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीची बाटली. मांजा, मौर्य आणि राव या आपल्याच शास्त्रज्ञांनी १९८२ साली ही चाचणी मांडली. आत औषध लावलेली कागदाची पट्टी, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, ठेवून द्यायचं. मैला मिसळला असेल तर पाणी काळं पडतं. ना वीज, ना मायक्रोस्कोप. अंगणवाडीताईलाही जमेल अशी ही चाचणी, मला तिचा फार अभिमान वाटतो. पण उत्तर यायला २४ ते ४८ तास लागतात, थंडीत आणखी उशीर. आणि घागर तर सकाळीच भरलेली असते.

झटपट उत्तर काढणं सोपं नाही, हे मान्य. १०० मिलि पाण्यात ई. कोलाय हा आतड्यातला एकही जंतू सापडता कामा नये, असं आपलं मानक सांगतं. तो एखादा जंतू दिसायचा तर आधी त्याला वाढू द्यावं लागतं, वेळ जातो तो तिथेच. डीएनए शोधणाऱ्या चाचण्या काही तासांत उत्तर देतात, पण क्लोरीनने मेलेले जंतूही त्या मोजू शकतात. शिवाय ई. कोलाय हा मैला मिसळल्याचा फक्त इशारा, आजार दुसऱ्याच जंतूमुळेही होऊ शकतो. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. विहिरीवर उभं राहून तो ओळखेल असं काहीही गावाच्या हातात नाही.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलं, ते योग्यच आहे. आता त्यांच्या हातात दुपारपर्यंत उत्तर देणारी, फ्रीज न लागणारी, ग्रामपंचायतीला परवडणारी चाचणी द्या. आपल्या विद्यापीठांनी आणि आयआयटींनी यावर काम करावं, सरकारने त्यासाठी सलग काही वर्षं पैसा द्यावा. आणि चाचणी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यावर नको, जुलैतल्या गढूळ विहिरीवर पारखून घ्यावी.